माळ्यावरची पेढी

घर आणि पेढी यांची फारकत आपल्या व्यापारी समाजाला फारशी कधी रुचली नाही. अकोल्याच्या पेठेतील जुन्या घरांत खाली दुकान, मागे कोठार, वर राहती जागा आणि सर्वांत वर माळा, अशी मांडणी असे. जेवता जेवता भाव ठरत आणि निजण्यापूर्वी रोजमेळ जुळे. 2020 च्या टाळेबंदीत ‘घरातून काम’ हा शब्द नव्याने कानी पडला, तरी ती रीत आपल्या घरांत पूर्वापार होती.

नवे होते ते एवढेच, की आता काम करणारी व्यक्ती आमची सूनबाई होती. पुण्यातील एका कंपनीचे हिशेब ती जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून पाही. पाहुणे आले की तिचे कार्यालय उचलले जाई. एके दिवशी ती म्हणाली, ‘‘पप्पाजी, माळा मिळाला तर बरे होईल. नाहीतर आम्हांला पुण्यालाच बिऱ्हाड करावे लागेल.’’ मी गप्प राहिलो. माळ्यावर वडिलांच्या काळापासूनच्या चोपड्या होत्या. त्या मी जपत आलो, असे मला वाटे. खरे म्हणजे त्यांचे काय करावे, हा निर्णय मी माळ्यावर टाकून ठेवला होता.

अखेर दिवाळीनंतर माळा उघडला. कौलांखाली कबुतरीने दोन अंडी घातलेली आढळली. अंड्यांतून पिले निघण्यास सुमारे अठरा दिवस आणि ती उडण्यास आणखी महिनाभर लागतो. दीड महिना काम थांबले. कारागिरांनी नापसंती दाखवली. घरात मात्र कोणी तक्रार केली नाही.

त्या दीड महिन्यात चोपड्या खाली आल्या. वडिलांचे अक्षर मुडिया वळणाचे. सूनबाईला ते वाचता येईना, म्हणून रोज सायंकाळी मी वाचून दाखवू लागलो. 1972 च्या दुष्काळाच्या वर्षी काही खात्यांवर धान्य नावे टाकलेले होते. जमेची बाजू कोरी, आणि खाली आडवी रेघ मारून खाते बंद केलेले. सूनबाईने विचारले, ‘‘हे बुडीत धरले की सोडून दिले?’’ मला उत्तर माहीत नव्हते. वडिलांना मी कधी विचारले नव्हते. मग तिच्या कंपनीत बुडीत येणे कसे दाखवतात, हे तिने समजावले. सहा वर्षे ती या घरात होती. तिचे काम काय, हेही मी त्या सायंकाळपर्यंत विचारले नव्हते.

आता बांधकामाविषयी. आमच्याकडे पावसाळा जोराचा. म्हणून प्रथम छप्पर, मग तुळया आणि शेवटी फर्निचर, हा क्रम मोडू नये. आमची एक तुळई भिंतीत शिरते तेथे ओलीने कुजली होती. वरून ती धडधाकट दिसे. राहत्या खोलीस 2.75 मीटर उंची असावी, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. आमच्याकडे ती आढ्याखालीच मिळाली, म्हणून टेबल तेथे मांडले आणि उतरत्या बाजूस बुटकी कपाटे केली. घरातील तक्तपोशीवर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरतात. कागद जड असतो, म्हणून कपाटे भिंतीलगत ठेवली. समोरासमोर दोन खिडक्या आणि कौलांखाली उष्णतारोधक थर नसता, तर चैत्रात तेथे बसवले नसते. विजेची स्वतंत्र तार आणि अर्थिंग हेही आवश्यक.

चोपड्यांचे काय केले? जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपावे लागतात, तेवढे ठेवले. जुन्यांपैकी दोन राखल्या: 1972 ची, आणि 1989 ची, ज्या वर्षी आयकरासाठी दिवाळीऐवजी मार्चअखेरचे वर्ष सर्वांना लागू झाले. उरलेल्या चोपड्यांत लोकांची देणी-घेणी नावानिशी लिहिलेली होती. त्या रद्दीवाल्याला न देता भिजवून त्यांचा लगदा केला.

सूनबाई आता माळ्यावर बसते. दुपारी मी चहा घेऊन जिना चढतो आणि दारावर टकटक करून आत जातो. अपरिग्रहाचे व्याख्यान आपण दर चातुर्मासात ऐकतो. माळा आवरायला घेतला, तेव्हा ते मला थोडे कळले.

वाचकहो, पावसाळ्यापूर्वी एकदा आपला माळा उघडून पाहावा. आणि त्याआधी, आपल्या घरात जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कोण काम करते, तेही पाहावे.