रविवार कोणाच्या मालकीचा?

माझा एक जुना विद्यार्थी गेली काही वर्षे आयर्लंडमधील डब्लिन शहरात एका संगणक कंपनीत नोकरी करतो. दिवाळीत तो भेटावयास आला, तेव्हा त्याने मला एक रंगीत माहितीपत्रक दाखविले. शुक्रवारी सायंकाळी डब्लिनला उतरावे, शनिवारी व्हिस्कीच्या दोन-तीन डिस्टिलऱ्या पाहाव्यात, प्रत्येक ठिकाणी घोट-घोट चव घ्यावी, रात्री एखाद्या नामांकित उपाहारगृहात समुद्रातील ताजी कालवे आणि मटणाचा आयरिश रस्सा खावा, आणि रविवारी परतावे, असा तो दोन दिवसांचा बेत होता. "सर, युरोपभरातून लोक मुद्दाम यासाठी येतात. शहराला पैसा मिळतो, माणसांना आनंद मिळतो. यात तुमच्या समाजवादाने आक्षेप घ्यावा असे काय आहे?" असे त्याने विचारले. मी त्याला उलट विचारले, "तू राहतोस कोठे?" तो ओशाळून हसला. तिघांबरोबर एका घरात राहतो आणि पगाराचा जवळजवळ निम्मा भाग भाड्यात जातो, असे त्याने सांगितले.

या दोन उत्तरांमधला संबंध उलगडून दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कष्टकऱ्याने सुटी घेऊ नये, चांगले जेवू नये, मित्रांबरोबर बसू नये, असे समाजवादाने कधीही म्हटलेले नाही. आपल्यातील काही ज्येष्ठ सहकारी मद्याचे नाव निघताच सारा प्रश्न व्यसनमुक्तीवर नेऊन ठेवतात. त्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. परंतु त्यामुळे मूळ आर्थिक प्रश्न नजरेआड होतो. डब्लिनचाच दाखला घेऊ. तेथील कामगार चळवळीचा अग्रणी जेम्स लार्किन हा आयुष्यभर दारूला न शिवलेला माणूस. गोदी कामगारांची मजुरी मुकादम लोक दारूच्या गुत्त्यात बसून वाटत, आणि मजुरी हाती पडण्यापूर्वीच तिचा काही भाग गल्ल्यात परत जाई. लार्किनने हल्ला चढविला तो या प्रथेवर. प्यावे की न प्यावे याचे प्रवचन करण्याऐवजी कामगाराच्या मजुरीवर आणि त्याच्या मोकळ्या वेळेवर सत्ता कोणाची, हा प्रश्न त्याने उभा केला. आपणही तोच विचारावयाचा आहे.

आता या माहितीपत्रकातील डिस्टिलऱ्या पाहू. डब्लिनच्या जुन्या नगरसीमेबाहेर 'लिबर्टीज' नावाची वस्ती आहे. विणकर, चांभार, पिंप बनविणारे आणि भट्टीवरचे मजूर यांची ती वस्ती. एकोणिसाव्या शतकात येथील थॉमस स्ट्रीटवरची जॉर्ज रो यांची डिस्टिलरी जगातील मोठ्या डिस्टिलऱ्यांत गणली जात होती. नदीपलीकडे बो स्ट्रीटवर जेमसन होती, जॉन्स लेनमध्ये पॉवर होती. १८७५च्या जूनमध्ये लिबर्टीजमधील एका गोदामाला आग लागली आणि जळती व्हिस्की रस्त्यांतून ओढ्यासारखी वाहू लागली. त्या दिवशी तेरा माणसे दगावली. परंतु आगीत भाजून नव्हे, तर रस्त्यावरची ती व्हिस्की टोपी आणि बूट भरभरून प्याल्यामुळे. मालकाच्या गोदामात संपत्तीचे डोंगर आणि दाराबाहेर दारिद्र्य, याचे याहून बोलके चित्र एखाद्या अर्थशास्त्राच्या ग्रंथातही सापडणार नाही.

पुढे हा उद्योग कोसळला. अखंड चालणाऱ्या स्तंभभट्टीचे १८३०मधील पेटंट डब्लिनच्याच एनियस कॉफी नावाच्या अबकारी अधिकाऱ्याचे. पण डब्लिनच्या मालकांनी ती नाकारली आणि स्कॉटलंडच्या मालकांनी उचलली. अमेरिकेतील दारूबंदीने मोठी बाजारपेठ गेली. रो यांची डिस्टिलरी १९२०नंतरच्या दशकात बंद पडली. उरलेल्या कंपन्या १९६६मध्ये एकत्र आल्या, बो स्ट्रीटवरील उत्पादन १९७१मध्ये थांबले, जॉन्स लेनची भट्टी १९७६मध्ये विझली आणि सारे उत्पादन दूर दक्षिणेस कॉर्क परगण्यातील मिडलटन येथे हलविण्यात आले. १९८८मध्ये ती कंपनी पेर्नो रिकार या फ्रेंच मक्तेदार उद्योगसमूहाने घेतली. म्हणजे बो स्ट्रीटवर आज प्रवासी जी 'डिस्टिलरी' तिकीट काढून पाहतो, तेथे विक्रीची व्हिस्की गाळली जात नाही. तो ज्या भिंतींचे कौतुक करतो त्या खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या आत राबणारा कामगार पन्नास वर्षांपूर्वीच निघून गेला आहे. श्रम हद्दपार करून श्रमाची आठवण तेवढी विकावयाची, असा हा व्यापार आहे.

२०१५मध्ये लिबर्टीजमधील न्यूमार्केट येथे टीलिंग ही शंभराहून अधिक वर्षांतील डब्लिनची पहिली नवी डिस्टिलरी निघाली. २०१९मध्ये डियाजिओ या बलाढ्य कंपनीने रो यांचेच जुने नाव लावून गिनेसच्या जुन्या वीजघरात दुसरी काढली. हे पुनरुज्जीवन आहे, असे सांगितले जाते. याचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. कायद्याप्रमाणे आयरिश व्हिस्की लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते. 'कॅपिटल'च्या दुसऱ्या खंडात मार्क्सने श्रमकाळ आणि उत्पादनकाळ यांत भेद केला आहे, त्याचे हे नमुनेदार उदाहरण. मजुराचे काम काही दिवसांत संपते; भांडवल मात्र पिंपात वर्षानुवर्षे अडकून पडते. नासाऊ सीनियर या अर्थशास्त्रज्ञाने नफा म्हणजे भांडवलदाराच्या संयमाचे बक्षीस, असा सिद्धान्त मांडला होता. व्हिस्कीच्या मालकाने संयम पाळावा, हा विनोद बाजूस ठेवू. वस्तुतः तो संयम पाळतच नाही. पिंप मुरत असताना तो दारात तिकीटखिडकी उघडतो, दुसरीकडून घेतलेली व्हिस्की आपल्या नावाच्या बाटलीत भरतो, शेजारी उपाहारगृह काढतो. प्रवाशाच्या खिशातील सुटीचा पैसा हे त्याचे खेळते भांडवल बनते. हाच सीनियर १८३७मध्ये कामाचे तास कमी करण्याच्या मागणीविरुद्ध उभा ठाकला होता. मालकाचा सारा नफा दिवसाच्या शेवटच्या तासात निर्माण होतो, असा त्याचा दावा होता. आज त्याचे वारस त्याच्या पुढे गेले आहेत. कामाचा शेवटचा तास हातचा सुटला, तर सुटीचा पहिला तास पकडावयाचा, हे तंत्र त्यांना साधले आहे.

याच शहरातील आणखी एका शनिवार-रविवारची आठवण माहितीपत्रकात नाही. १९१३च्या ऑगस्टमध्ये विल्यम मार्टिन मर्फी या ट्रॅम कंपनीच्या आणि वृत्तपत्राच्या मालकाने लार्किनची युनियन मोडावयाचे ठरविले. पोलिसांनी सभेला बंदी घातली होती. ३१ ऑगस्ट रोजी, रविवारी, खोटी दाढी लावलेला एक वृद्ध पाहुणा मर्फीच्याच इंपीरियल हॉटेलात शिरला, सज्जात आला आणि रस्त्यावरच्या गर्दीशी बोलू लागला. तो लार्किन होता. क्षणार्धात लाठीमार सुरू झाला. त्या दोन दिवसांत शेकडो माणसे जखमी झाली, दोन कामगार प्राणास मुकले. त्यानंतर सुमारे चारशे मालकांनी मिळून वीस हजार कामगारांना दाराबाहेर काढले. २ सप्टेंबर रोजी बो स्ट्रीटला समांतर असलेल्या चर्च स्ट्रीटवर जुन्या चाळी कोसळल्या आणि सात माणसे गाडली गेली. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशीच्या अहवालाप्रमाणे डब्लिनमधील सुमारे वीस हजार कुटुंबे एकेका खोलीत राहत होती.

लार्किनच्या युनियनने त्याच उन्हाळ्यात शहराबाहेर क्रॉयडन पार्क नावाचे घर आणि मैदान भाड्याने घेतले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. तेथे कामगारांची कुटुंबे सुटीच्या दिवशी येत. मुलांसाठी जत्रा भरे, संगीत असे, खेळ असत, दारू नसे. कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून स्वतःसाठी निर्माण केलेली ती सुटी होती. लढ्यात पराभव झाला आणि ते स्थान फार वर्षे टिकले नाही. परंतु सुटीचा दुसरा मार्ग असू शकतो, तो कल्पनेतला नाही, हे त्याने सिद्ध केले. इंपीरियल हॉटेल १९१६च्या उठावात जळाले. त्याच जागेवर क्लेरीज हे मोठे दुकान उभे राहिले, आणि १२ जून २०१५ रोजी ते रातोरात विकले जाऊन ४६० कामगार काही तासांत बेकार झाले. लार्किनचा हात उंचावलेला पुतळा त्याच रस्त्यावर आहे. प्रवासी त्याचे छायाचित्र काढतात.

आता घरांकडे वळू. २०२५मध्ये आयर्लंडमध्ये तात्पुरत्या सरकारी निवाऱ्यात दिवस काढणाऱ्या माणसांची संख्या सोळा हजारांच्या वर गेली. त्यांत पाच हजारांहून अधिक मुले होती, आणि बहुसंख्य डब्लिनमधली. शासन बेघर कुटुंबांना काही वेळा हॉटेलांच्या खोल्यांत ठेवते. एकाच शहरात कोणी दोन रात्रींच्या मौजेसाठी हॉटेलात उतरतो, तर कोणा आईला आपल्या मुलांसह महिनोन्महिने हॉटेलच्या एका खोलीत राहावे लागते. तिला तेथे स्वयंपाकघर नसते. जमीन आणि इमारत तीच. पण तिचा उपयोग कोणासाठी व्हावा, हे गरजेवर ठरत नाही, परताव्यावर ठरते. आणि शासन कोणाच्या बाजूने उभे राहते? ऑक्टोबर २०२५च्या अर्थसंकल्पात उपाहारगृहांवरील कर १३.५ वरून ९ टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. मद्याच्या बाटलीवर आरोग्यविषयक इशारा छापण्याचा नियम २०२६मध्ये अमलात यावयाचा होता, तो व्यापाराची अडचण सांगून २०२८पर्यंत पुढे ढकलण्यात आला. गरीब माणसाच्या स्वस्त डब्याची किमान किंमत मात्र जानेवारी २०२२पासूनच कायद्याने वाढविण्यात आली होती. आरोग्याची चिंता गरिबाच्या दारात तत्परतेने पोहोचते आणि मक्तेदाराच्या दारात मुदतवाढ मागते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पर्यटनाने रोजगार मिळतो, तो तुम्हांस नको आहे काय? रोजगार अवश्य हवा. परंतु उपाहारगृहात ताटे उचलणारा आणि डिस्टिलरीत पाहुण्यांना इतिहास सांगणारा कामगार त्याच वस्तीत भाड्याचे घर घेऊ शकत नसेल, तर वस्तीची वाढलेली किंमत त्याच्या श्रमाने निर्माण झाली आणि गेली मात्र जमीनमालकाच्या घरात, असेच म्हणावे लागते. शिवाय शनिवार-रविवार हा त्याच्या कामाचा सर्वांत जड काळ असतो. एकाची सुटी दुसऱ्याच्या रजेतून कापून घेतली जाते. यावर उपाय प्रवाशाला घरी बसविणे हा नव्हे. या कामगारांची संघटना, त्यांच्यासाठी निश्चित आठवडी सुटी आणि सार्वजनिक मालकीची घरे, हा आहे.

हे सारे परदेशचे आहे, असे समजून कार्यकर्त्यांनी पान उलटू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार कोणी दयेने दिला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून त्यासाठी झगडा दिला. एप्रिल १८९०मध्ये भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी मालकांना आठवडी सुटी मान्य करावी लागली. त्याच गिरणगावाच्या जमिनीवर आज काय आहे? तेथेही चिमण्यांची चित्रे भिंतीवर टांगून उपाहारगृहे आणि मद्यगृहे थाटली गेली. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील अशाच ठिकाणी लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली. लिबर्टीज आणि लालबाग यांच्यामध्ये समुद्र आहे. भांडवलाच्या व्यवहारात अंतर नाही.

आणि आता तर मूळ मुद्दलावरच घाला आला आहे. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकानांतील नऊवरून दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे आश्वासन दिले जाते. ज्याने बारा तास यंत्रापुढे उभे राहून पाहिले आहे, त्याला या आश्वासनाची किंमत सांगावयास नको. एका हाताने कामगाराचा दिवस लांबवावयाचा आणि दुसऱ्या हाताने उरलेल्या वेळेचे आकर्षक वेष्टन करून ज्याला परवडेल त्याला विकावयाचा, हे एकाच धोरणाचे दोन भाग आहेत.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, तुझ्या मित्रांबरोबर अवश्य फिर, चांगले जेव. पण तू ज्या घरात राहतोस त्याच्या भाड्यावर आणि तुला पेला आणून देणाऱ्या मुलीच्या पाळीवर बोलणारी संघटना त्या शहरात आहे. लार्किनच्या युनियनची परंपरा चालविणारी माणसे तेथे आजही काम करतात. एखाद्या शनिवारी त्यांच्याकडे जा. त्याने पत्ता काढून ठेवतो म्हणून सांगितले. आपल्याला तर पत्ता शोधावयाचीही गरज नाही. बारा तासांच्या दिवसाविरुद्ध गेटसभा घेण्यासाठी प्रत्येक औद्योगिक वसाहतीचे दार आपल्या ओळखीचे आहे. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार राखावयाचा असेल, तर येत्या सोमवारी सकाळी तेथे उभे राहिले पाहिजे.