गनवर ४२ अंश, पण जोड ९० वर? मीटर रूमच्या तपासणीतली गफलत

उन्हाळ्यात एसीचा भार वाढला की हाउसिंग सोसायट्यांच्या मीटर रूममध्ये इन्फ्रारेड थर्मामीटर फिरू लागतो. लाल ठिपका टाकायचा, आकडा वाचायचा आणि रजिस्टरवर ‘ओके’ लिहायचे. ढिला जोड तापून आग लागू नये, यासाठी हा खटाटोप. पण नेमका तो जोडच या गनला धड दिसत नाही.

ही गन पृष्ठभागातून निघणारे इन्फ्रारेड किरण टिपते आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडते. पृष्ठभाग किती प्रमाणात किरण सोडतो, ती त्याची एमिसिव्हिटी. स्वस्त गनमध्ये ती बहुधा ०.९५ अशी कायमची बसवलेली असते. भिंत, रबर, प्लास्टिकसाठी ते ठीक. चकचकीत तांबे-अ‍ॅल्युमिनियमची एमिसिव्हिटी मात्र ०.१ किंवा त्याहूनही कमी. असा धातू स्वतःच्या उष्णतेपेक्षा आरशासारखी समोरच्या भिंतीचीच उष्णता जास्त दाखवतो. खोली ३५ अंशांवर आणि जोड ९० वर असेल, तर गणिताने गनवर ४२ च्या आसपास आकडा येतो. साध्या पीव्हीसी वायरच्या इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश आहे. म्हणजे वायर करपायला आली तरी रजिस्टरवर ‘ओके’च!

त्यामुळे नेम धातूवर न धरता जोडालगतच्या वायरच्या आवरणावर धरावा आणि तिन्ही फेजचे आकडे ताडून पाहावेत. भार सारखा असूनही एकच फेज जास्त तापत असेल, तर जोड ढिला असण्याची शंका घ्यावी. धातूवर काळी इन्सुलेशन टेप लावून मोजले तरी चालते. मात्र टेप सप्लाय बंद करूनच लावायची, तीही परवानाधारक इलेक्ट्रिशियनने.

लाल ठिपका काहीच मोजत नाही, तो फक्त नेमासाठी. १२:१ गुणोत्तराची गन १२० सेंटिमीटरवरून तब्बल १० सेंटिमीटरच्या वर्तुळाची सरासरी देते. त्यात इवलासा लग कुठे हरवतो, कळतही नाही. पुढे अ‍ॅक्रिलिकचे झाकण असेल, तर मोजले जाते ते झाकणच.

त्यातही ही तपासणी सहसा सकाळी ११ वाजता होते, निम्मे एसी बंद असताना. करंट निम्मा झाला की जोडात तयार होणारी उष्णता पावपट होते. इलेक्ट्रिशियनला रात्री १० नंतर बोलवावे आणि रजिस्टरमध्ये तापमानाशेजारी क्लॅम्प मीटरवरचा करंटही लिहून घ्यावा. तो आकडा नसेल, तर सेक्रेटरींनी सही करू नये.