विश्लेषण : हेज फंडांची नक्कल करणारे ‘ईटीएफ’ किती कामाचे?

अमेरिकेतील हेज फंडांची दारे सामान्य गुंतवणूकदाराला बंद असतात. किमान गुंतवणूक मोठी, शिवाय शुल्काची जुनी रीत ‘दोन आणि वीस’ची, म्हणजे दरवर्षी गुंतवणुकीच्या २ टक्के आणि नफ्यात २० टक्के वाटा. मग या फंडांनी घेतलेले शेअर आपणच घेतले तर? याच कल्पनेवर काही ‘ईटीएफ’ उभे आहेत.

यादी कुठून मिळते?

१० कोटी डॉलरहून अधिक मूल्याचे अमेरिकी शेअर हाताळणाऱ्या संस्थांना दर तिमाहीला बाजार नियामक ‘एसईसी’कडे ‘१३एफ’ हे विवरण द्यावे लागते. ते सर्वांसाठी खुले असते. २०१२ मध्ये आलेला ‘ग्लोबल एक्स गुरू’ त्यातूनच शेअर निवडतो. २०१६ मध्ये आलेला गोल्डमन सॅक्सचा ‘जीव्हीआयपी’ हेज फंडांच्या पहिल्या दहा गुंतवणुकींत सर्वाधिक वेळा दिसणारे ५० शेअर घेतो.

मग अडचण काय?

पहिली अडचण वेळेची. विवरणासाठी तिमाही संपल्यावर ४५ दिवसांची मुदत असते. जानेवारीच्या सुरुवातीला घेतलेला शेअर जगाला मेच्या मध्यावर कळू शकतो. तोवर फंडाने तो विकलेलाही असेल.

दुसरी अडचण अर्धवट चित्राची. विवरणात खरेदी दिसते, ‘शॉर्ट’ व्यवहार दिसत नाहीत. हेज फंडाची जोखीम सांभाळणारी बाजूच त्यामुळे झाकलेली राहते.

जे दिसते त्याचाही अर्थ चुकू शकतो. जून २०२३ अखेरच्या विवरणावरून मायकेल बरी यांनी बाजार पडण्यावर १.६ अब्ज डॉलर लावल्याच्या बातम्या झाल्या. प्रत्यक्षात तो आकडा ‘पुट ऑप्शन’मागील मालमत्तेच्या मूल्याचा होता, खर्च केलेल्या रकमेचा नव्हे. नोव्हेंबरमधील पुढच्या विवरणात ते ‘पुट’ नव्हतेच.

मूळ फंड तरी सरस असतात का?

२००८ ते २०१७ या दहा वर्षांसाठी वॉरेन बफे यांनी लावलेल्या पैजेत पहिल्या नऊ वर्षांत एस अँड पी ५०० इंडेक्स फंडाने वार्षिक ७.१ टक्के परतावा दिला. समोरच्या पाच फंडांमार्फत हेज फंडांत गुंतवलेल्या पैशाचा त्याच नऊ वर्षांतील सरासरी वार्षिक परतावा २.२ टक्के होता.

आपल्याशी संबंध काय?

‘एलआरएस’ योजनेखाली भारतीय गुंतवणूकदार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकतो आणि त्यातून असे ‘ईटीएफ’ घेऊ शकतो. इथेही कंपनीत १ टक्का किंवा अधिक हिस्सा असलेल्यांची नावे दर तिमाहीला जाहीर होतात. त्यात एखाद्या ‘बिग बुल’चे नाव दिसले की शेअरकडे धाव घेणारे कमी नाहीत.

जाहीर यादीवरून शेअर कळतो. तो का घेतला आणि कधी विकणार, हे कळत नाही. ‘ईटीएफ’ निदान ५० शेअरमध्ये जोखीम वाटून देतो. मोठ्या नावामागे एकाच शेअरमध्ये पैसे घालणाऱ्याला तेवढाही आधार नसतो. म्हणून यादी पाहावी, पण अभ्यासाची सुरुवात म्हणून. खरेदीचे कारण स्वतःचेच हवे.