पिल्लू विकलं, जबाबदारी संपली?

पूर्वी आपल्याकडे कुत्र्याचं पिल्लू कुणी विकत घेत नसे. गल्लीत कुत्री व्याली की पोरं एक पिल्लू उचलून आणायची, पोळीचा तुकडा घालायची, आणि ते घरचं होऊन जायचं. २००३ च्या सुमारास टीव्हीवरच्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो चपट्या नाकाचा पग पोराच्या मागे मागे फिरू लागला आणि मग आमच्या हिंगणघाटसारख्या गावातही पग, लॅब्राडोर, पामेरियनची चौकशी सुरू झाली. आज गावात अशी काही घरं आहेत, जिथे बाई संसार सांभाळून मादी पाळते आणि वर्षाकाठी एखादं वेत विकते. शिलाई, शिकवणी, पापड, तशीच हीही घरबसल्या कमाई. त्यात वाईट काहीच नाही. पण पापड बिघडले तर बदलून देता येतात. पिल्लू आजारी निघालं तर काय करायचं, हे मात्र कुणी आधी ठरवलेलंच नसतं.

गेल्या पावसाळ्यात असंच एक भांडण आमच्या महिला मंडळापर्यंत आलं. एका ताईंनी आठ हजारांना लॅब्राडोरचं पिल्लू विकलं. पाचव्या दिवशी ते उलट्या करू लागलं, सहाव्या दिवशी रक्ताची संडास, आठव्या दिवशी गेलं. घेणाऱ्या वहिनी म्हणे, "रोगट पिल्लू माझ्या गळ्यात मारलं. पैसे परत करा, डॉक्टरचा खर्चही द्या." विकणाऱ्या म्हणे, "माझ्या अंगणातून गेलं तेव्हा उड्या मारत होतं ना! तुम्हीच काहीबाही खाऊ घातलं असेल." दोघींची मुलं एकाच शाळेत, हळदीकुंकवाला येणं-जाणं. तेही बंद झालं.

मैत्रिणींनो, खरी अडचण ही, की दोघींपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्या पिल्लाला झाला होता पार्वो. १९७८ च्या आसपास जगभर पसरलेला हा विषाणूचा रोग. विषाणू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी कधी चौदाही. म्हणजे उड्या मारणारं पिल्लूही रोग घेऊनच निघालेलं असू शकतं. आणि नव्या घरच्या अंगणात, कुणाच्या तरी चपलेला लागून आलेल्या घाणीतूनही त्याला तो लागू शकतो. पाचव्या दिवशी आजारी पडलेल्या पिल्लाने रोग नेमका कुठून घेतला, हे छातीठोक सांगणं डॉक्टरलाही कठीण. डिस्टेंपरचं तर आणखी वेगळं, तो आठ-पंधरा दिवसांनी डोकं वर काढतो.

"पण लस दिली होती ना!" असं विकणाऱ्या ताई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे अंगात असते आणि तीच लसीला नीट काम करू देत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. एका टोचणीचं कार्ड म्हणजे कवचकुंडलं नव्हेत.

मला मात्र वेगळीच गोष्ट जास्त लागली. त्या वेताची पाच पिल्लं होती. भांडण आठवडाभर चाललं, पण ताईंनी बाकीच्या चार घरी फोन केला नाही. केला तर रोग आपल्याच घरचा होता असं कबूल केल्यासारखं होईल, आणि सगळेच पैसे मागायला येतील, ही धास्ती. घेणाऱ्या वहिनींना ती चार घरं माहीतच नव्हती. त्यातलं आणखी एक पिल्लू गेलं. पहिल्या उलटीलाच सलाईन लागलं तर पार्वोतून पुष्कळ पिल्लं वाचतात. वाट पाहत बसलं तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. आठ हजार कुणाचे, या वादात ते दोन-तीन दिवस गेले. पैशाचं आधी ठरलेलं असतं तर फोन करायला कुणाची जीभ अडली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

जनावर विकल्यावरची ही कटकट आजची नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखायला मुदती सांगितल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्या-नांगराच्या जनावराला पाच, बियाण्याला दहा. आपल्या बैलबाजारातही शेतकरी दात बघतो, चालवून बघतो, ओळखीतला व्यवहार असेल तर दोन दिवस औताला जुंपून बघतो आणि मगच पैसे मोजतो. बैलाची खोड आधी सांगणं ही इभ्रतीची बाब. आणि आपण शिकल्यासवरल्या बाया मात्र पिल्लू पिशवीत घालून आणतो, कागदाचा कपटाही न मागता!

कायद्याने पिल्लू हा 'माल'च आहे. ऐकायला कसंतरी वाटतं, पण त्यामुळेच घेणारीला ग्राहक म्हणून दाद मागता येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पिल्लू नागपूरहून आणलेलं असो की पुण्याहून, आपल्याला वर्धेचा जिल्हा आयोग पुरतो. वकील लागतोच असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर आधी विचारताही येतं. पण तिथे पुरावा लागतो. पैसे दिल्याची नोंद, लसीचं कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी, जमल्यास विष्ठेची तपासणी किंवा शवविच्छेदन. आपण करतो काय, तर पिल्लू गेलं की रडत रडत परसात पुरून टाकतो. पुरावाही तिथेच पुरला जातो.

विकणाऱ्या मैत्रिणींनीही ऐकावं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम २०१७ पासून आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नसतं. तीस-पस्तीस दिवसांचं 'गोंडस' पिल्लू देऊन टाकणं सर्रास चालतं, ते थांबलं पाहिजे. आईच्या दुधावरून लवकर तोडलेलं पिल्लूच आधी दगा देतं.

मात्र प्रत्येक दुखण्याचं खापर विकणारीवर फोडणंही अन्यायाचं. संडासातून जंत पडले म्हणून "फसवलं" असा ओरडा मी ऐकला आहे. अहो, जंत पिल्लाला आईच्या पोटातूनच येतात, औषधाने जातात. लॅब्राडोर, अल्सेशियनच्या मागच्या पायाचा खुब्याचा दोष कित्येकदा सहा-आठ महिन्यांनंतर लक्षात येतो. आठ आठवड्यांच्या पिल्लात तो विकणारीला दिसणार कसा? पण त्याच्या आईला किंवा बापाला तो दोष होता आणि तिने सांगितलं नाही, तर ती लपवाछपवीच.

आमच्या मंडळाने त्यानंतर एका वहीच्या पानावर मसुदा केला. त्यात पिल्लाची जन्मतारीख, किंमत, जंताचं औषध आणि लस कधी दिली, वेतातली बाकी पिल्लं कुठे गेली ते फोनसह. घेणारीने तीन दिवसांत पिल्लू जनावरांच्या डॉक्टरला दाखवायचं आणि लसी पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या कुत्र्यांत न्यायचं नाही. चौदा दिवसांच्या आत पार्वो किंवा डिस्टेंपर निघाला तर किंमत विकणारीने परत करायची, औषधाचा खर्च निम्मा-निम्मा. काही जणींना हे विकणारीवर अन्यायाचं वाटलं. मला नाही वाटत. पाच पिल्लांच्या किमतीत एवढी जोखीम धरूनच धंदा करावा. आणि आजार कळताच दोघींनी मिळून सगळ्या घरी कळवायचं, हे पानाच्या सुरुवातीलाच लिहिलं.

एक मात्र पैशाच्या पलीकडचं. आजारी पिल्लाने घरात कुणाला चावलं, ओरखडलं असेल, तर "लहानसंच तर आहे" म्हणू नका. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर औषध नाही.

आणि "पैसे नको, दुसरं पिल्लू द्या" हा तोडगा पार्वोच्या बाबतीत लगेच स्वीकारू नका. हा विषाणू घरात, अंगणातल्या मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. नेहमीच्या फिनाईलवर भरवसा नको. फरशी, भांडी आधी घासून, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून पुसा, दहा मिनिटं ओलं राहू द्या. त्यात संडासचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. मातीचं अंगण असं धुता येत नाही. तेव्हा मुलांचा हट्ट कितीही असो, त्या अंगणात पुढचं पिल्लू येईल ते लसी पूर्ण झालेलं, चार-पाच महिन्यांचंच.