पडद्याआडची बोली

शिराळ्याच्या पेठेतील जुन्या घरांतून एखादी तांब्याची शिवराई निघणे ही नवलाची गोष्ट नव्हे. मोरणा आणि वारणेच्या खोऱ्यात हे नाणे पिढ्यान्‌पिढ्या चलनात होते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली शिवराई इंग्रजी अमलाच्या आरंभीही व्यवहारात चालत असे. देवघरातील डबीत तिच्या शेजारी राणीछाप रुपया असतो, आजीने जपलेले पाचव्या जॉर्जचे एखादे नाणे असते, आणि अनेक जैन घरांत भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ साली निघालेले पाच रुपयांचे नाणेही असते. डबी वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उघडली जाते. तिच्यातील ऐवजाची किंमत किती, हा प्रश्न घरात फारसा कोणी विचारीत नसे. अलीकडे तो विचारला जातो, कारण उत्तर देणारे मोबाईलमध्ये येऊन बसले आहेत.

‘वैष्णोदेवीचे नाणे आहे? दहा लाख मिळवा.’ ‘ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट आहे? घरबसल्या विका.’ अशा जाहिराती पाहिल्या नाहीत असा तरुण आज विरळाच. कोट्यवधींच्या संख्येने पाडलेल्या नाण्याला लाखांचा भाव कोण देणार, हा साधा व्यापारी प्रश्न धान्याच्या भावात चार आण्यांची घासाघीस करणाऱ्यालाही त्या क्षणी सुचत नाही. फोन केला की पलीकडून आदबशीर आवाज येतो. ग्राहक ठरलेला असतो, बोली लागलेली असते, बोली लावणाऱ्याचे नाव तेवढे ‘गोपनीय’ असते. मग नोंदणीचे शुल्क मागितले जाते, ते भरले की कर, कर भरला की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची रक्कम. समजा, पहिली मागणी हजार-बाराशेची असेल, तर चौथी वीस हजारांची असते. आणि आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरीत जातो. सावकारी आणि उधारी कोळून प्यालेल्या घरांतही हे घडते, याचे आश्चर्य वाटू नये. बुडीत खात्यात आणखी रक्कम टाकण्याचा मोह व्यापाऱ्यालाच अधिक होतो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याच प्रकाराविषयी जाहीर इशारा दिला. बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीत लोकांकडून शुल्क, कमिशन अथवा कर मागितला जातो. बँक असा कोणताही व्यवहार करीत नाही, आणि तिच्या वतीने असे पैसे घेण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला दिलेला नाही, असे त्यात स्पष्ट केले होते.

हा झाला उघड दरोडा. त्याहून सूक्ष्म प्रकार खऱ्या लिलावात घडतो, आणि तेथे वस्तू असते, पैसे देणारा असतो, माल घरीही येतो. खोटी असते ती स्पर्धा.

बोली हा शब्द जैन समाजाला नवा नाही. पर्युषणातील स्वप्नांची बोली असो, पहिल्या अभिषेकाचा मान असो वा पंचकल्याणक महोत्सवातील सवाल असोत, आकडा कोणी पुकारला हे सभामंडपातील लहान मूलही जाणते. नाव पुकारले जाते, संघाच्या वहीत लिहिले जाते, आणि शब्द दिला की तो पाळावा लागतो. बाजारातही असेच व्हावे म्हणून पूर्वी मोठा झगडा झाला. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धत अनेक पेठांत होती. रुमालाआड काय ठरले हे माल आणणाऱ्या शेतकऱ्याला कळत नसे. बाजार समित्यांच्या नियमांनी ती मोडून उघड लिलावाची सक्ती केली. हळद पिकविणाऱ्याला सांगलीत आपल्या राशीवर कोण किती बोलतो हे उभे राहून ऐकता येते, ते त्यामुळेच. संगणकावरच्या लिलावाने तो रुमाल पुन्हा अंथरला आहे.

त्याची रीत अशी. समजा, एका रुपयाच्या नाण्याचा लिलाव २,००० रुपयांना सुरू झाला. घेणाऱ्याने आपली कमाल मर्यादा ८,००० अशी यंत्रात नोंदवून ठेवली. यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवीत जाते. दुसऱ्या खऱ्या ग्राहकाची धाव ३,००० पर्यंतच असेल, तर नाणे ३,१०० ला मिळावयास हवे. पण विक्रेत्याचाच एखादा मित्र, मेहुणा किंवा त्याने स्वतः उघडलेले दुसरे खाते मध्ये शिरते आणि शंभर-शंभरांनी चढत ७,९०० पर्यंत जाते. नाणे ८,००० ला पडते. घेणाऱ्याला वाटते, आपण जिंकलो. आणि बनावट बोली चुकून मर्यादेच्या वर गेलीच, तर ‘ग्राहकाने माघार घेतली, आपल्या बोलीला वस्तू देतो’ असा निरोप येतो. हा निरोप विशेष ओळखून ठेवण्यासारखा आहे.

परदेशात याची मोठी प्रकरणे न्यायालयात गेली. २००० साली अमेरिकेत ईबेवर एका चित्राची बोली पंचवीस सेंटपासून चढत १,३५,८०५ डॉलरपर्यंत गेली. अमेरिकन चित्रकार डिबेनकॉर्न यांचे ते असावे असा ग्राहकांचा समज व्हावा, अशी त्यावर खूण होती. बोली वाढविणाऱ्यांत विकणाऱ्याची आणि त्याच्या साथीदारांचीच खाती होती. विक्री रद्द झाली, आणि वकिलीचा व्यवसाय असलेल्या त्या विक्रेत्याने पुढे गुन्हा कबूल केला. खेळाडूंच्या चित्रपत्रांचे लिलाव करणाऱ्या मास्ट्रो ऑक्शन्स या अमेरिकी पेढीचे प्रमुख बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये खोट्या बोलींचा गुन्हा मान्य केला आणि २०१५ मध्ये त्यांना वीस महिन्यांची कैद झाली. बेसबॉलपटू होनस वॅग्नर यांच्या जगप्रसिद्ध चित्रपत्राच्या कडा आपण कापल्या होत्या, हेही त्यांनी कबूल केले. त्या क्षेत्रातील ते पहिल्या रांगेतील नाव होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मग बोली लावणाऱ्याचे नाव लपवावेच कशाला? याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. ईबेवर पूर्वी बोली लावणाऱ्यांची सांकेतिक नावे सर्वांना दिसत. ठग ती वाचून हरलेल्या ग्राहकांना ‘तुम्हाला दुसरी संधी’ असे बनावट निरोप धाडीत आणि पैसे उकळीत. म्हणून २००६ च्या सुमारास मोठ्या बोलींची नावे झाकण्यास आरंभ झाला. हरलेला ग्राहक वाचला, पण त्याच पडद्याआड विक्रेत्याचा मेहुणाही सुरक्षित झाला. शिवाय, मौल्यवान वस्तू घेणाऱ्याचे नाव जगजाहीर झाले तर चोराचे काम सोपे होते. आणि मातब्बर ग्राहक मैदानात आहे हे कळले तर भाव फुगतो. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज येथील लिलावातून रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपये खर्चून मिळविली, तीही मध्यस्थामार्फत. तेव्हा नाव झाकणे आणि लबाडी करणे या एकच गोष्टी नव्हेत. लिलाव चालविणाऱ्याला ग्राहक खरा कोण हे ठाऊक असणे, आणि विक्रेत्याने स्वतः बोली न लावणे, या दोन अटी पाळल्या गेल्या तर पडदा राहिला तरी फारसे बिघडत नाही.

दुसरी अट भारतीय कायद्यात जवळजवळ शतकभर आहे, हे व्यापारी कुटुंबांतही क्वचितच ठाऊक असते. माल विक्री अधिनियम, १९३० चे कलम ६४ लिलावाविषयी आहे. बोली लावण्याचा हक्क विक्रेत्याने आधी जाहीरपणे राखून ठेवलेला नसेल, तर त्याने स्वतः अथवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदा ठरते, आणि अशी विक्री कपटाची मानण्याचा अधिकार ग्राहकाला मिळतो. भाव चढविण्यासाठी लटकी बोली वापरली असेल, तर विक्री रद्द करवून घेणे ग्राहकाच्या मर्जीवर असते. कायदा उत्तम आहे. पुरावा मात्र ज्याच्या संगणकात आहे त्याच्याच हाती आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखविण्याचे बंधन घातले. बोली लावणारा कोण, याविषयी ते मुके आहेत. भारतातील ईबेचे दालन ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. नाण्यांचे किती तरी छोटे लिलाव आता व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरील गटांत चालतात. तेथे गटाचा चालकच कधी विक्रेता, कधी पंच आणि कधी बोली लावणाराही असतो, आणि नियमांची वही कोणाजवळच नसते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे खपविणे. नाण्यांच्या बाजाराला याहून नेमका शब्द सापडणे कठीण. १९११ सालच्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी सुमारे ७ लाखच बाहेर गेली आणि उरलेली वितळविली गेली. अशा कथा असलेल्या नाण्यांच्या नकला मुबलक निघतात. त्यांवर उपाय मात्र सराफाच्या घरातलाच आहे. १९४० पूर्वीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा भरतो आणि त्यात बाराव्या हिश्श्याची तूट धरून उरलेली चांदी असते. काट्यावर तो बराच हलका भरला, किंवा लोहचुंबकाला चिकटला, तर पुढे बोलण्याची गरज उरत नाही. झिजेने थोडे वजन घटते, तेवढी सूट द्यावी. छायाचित्राचे वजन करता येत नाही, म्हणून परतीची अट लेखी घेतल्याशिवाय बोली लावू नये.

त्याच पाच अतिचारांत ‘तदाहृतादान’ आहे, चोरून आणलेले घेणे. मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्टीज या पेढीतील लिलावापूर्वी अमेरिकी तपासयंत्रणेने भारतातून चोरीस गेलेल्या दोन पाषाणमूर्ती जप्त केल्या. त्यांतील एक दहाव्या शतकातील भगवान ऋषभनाथांची होती. ज्या तीर्थंकरांसमोर कोणी एकेकाळी अक्षता वाहिल्या, त्यांना क्रमांक देऊन विक्रीच्या सूचीत छापले गेले होते. जुनी जिनमूर्ती अथवा हस्तलिखित ‘घरात शोभेल’ म्हणून मोबाईलवर घेणाऱ्याने विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: ही कोणत्या मंदिरातून आली? शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा नाणे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष अधिनियमात येते. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक विचारला की पुष्कळ विक्रेते गप्प होतात.

शिराळ्यातल्या घरात फसगत झाली की बहुधा ती सांगितली जात नाही. पेढीची पत जाईल, सोयरिकीत बोलणे होईल, अशी धास्ती असते. मुलगा वडिलांपासून लपवितो आणि वडील भावांपासून. ठग याच मौनावर जगतात. पैसे गेल्यानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. १९३० या क्रमांकावर तातडीने कळविले तर रक्कम पुढे सरकण्याआधी खात्यात अडविली जाण्याची शक्यता असते. शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदविता येते. संभाषणे पुसून न टाकता जशीच्या तशी ठेवावीत, बोलींचा क्रम दिसणारे पान टिपून घ्यावे, पैसे गेलेल्या खात्याचा क्रमांक व व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवावा. पैसे मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, ही गोष्ट घरातील आजीलाही सांगून ठेवावी, कारण डबीची किल्ली बहुधा तिच्याकडेच असते.