जाफर आला, तशी मी आले नाही

"वसीम जाफर मुंबईचा असून आमचा झाला. तू काऊन नाही होत?"

माझ्या सासऱ्यांनी हा प्रश्न विचारला तो दिवस १ जानेवारी २०१८चा. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं होतं आणि रणजी करंडक पहिल्यांदा नागपूरला येणार होता. घरात शेजारीपाजारी जमले होते, सासूबाई संत्रा बर्फी वाटत होत्या, आणि माझा नवरा भिंतीकडे तोंड करून रडत होता. लग्नाला आठ महिने झाले होते. मी डोंबिवलीची. मलाही आनंद झाला होता, पण शेजारच्या घरी लग्न ठरलं की होतो तेवढाच. सासऱ्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

तेव्हा मी नुसतं हसले. उत्तर आज देते, कारण नंतर हाच प्रश्न मी कितीतरी घरांत ऐकला. संघ वेगळा, खेळ वेगळा, पण दोघांतला एक जण संघासाठी जीव टाकणारा आणि दुसरा जाता-येता सामना बघणारा असला की दुसऱ्याने पहिल्यासारखं व्हावं, असं सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

सासऱ्यांची बाजू आधी मांडते, कारण ती पोकळ नाही. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. राज्याची सीमा बदलली, पण क्रिकेटमध्ये विदर्भ वेगळाच राहिला. १९५७-५८च्या हंगामात तो विदर्भ म्हणून रणजीत उतरला आणि दुलीप करंडकासाठी आजही त्याचे खेळाडू मध्य विभागात मोजले जातात. विदर्भाचा दुसरा हंगाम चालू होता तेव्हा मुंबईने जो करंडक उचलला, तो सलग पंधरा वर्षं खाली ठेवला नाही. त्याच राज्यातल्या दुसऱ्या टोकाचा हा संघ दरवर्षी खेळायचा आणि हरायचा. सासरे सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर डबा घेऊन जायचे आणि हरलेला सामना शेवटच्या चेंडूपर्यंत बघून सायकलने परत यायचे. नवरा त्याच सायकलच्या दांडीवर बसून हे शिकला. पहिल्या करंडकाला साठ वर्षं लागली. इतकी वाट पाहिलेल्या माणसांनी घरात आलेल्या नव्या माणसाला "आमच्यात ये" म्हणावं, यात प्रेमच आहे. ते मला तेव्हाही कळत होतं.

पण जाफरचा दाखला चुकतो. जाफर विदर्भात खेळायला आला. मुंबईसाठी ढीगभर धावा करून झाल्यावर त्याने नवा संघ निवडला, आणि चाळिशीत असताना २०१८-१९च्या हंगामात हजारावर धावा करून विदर्भाला दुसरा करंडक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडितही मुंबईचेच. दोघांनी विदर्भाशी जो करार केला, तो त्यांनी चोख पाळला. माझा करार एका माणसाशी झाला, त्याच्या संघाशी झाला नाही. लग्नात मुलीने आडनाव, गाव, सणांच्या रीती, स्वयंपाकातलं तिखट, सगळं बदलावं ही अपेक्षा इतकी जुनी आहे की तिच्या शेपटाला क्रिकेटचा संघही बांधला जातोय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या नवऱ्याला माझ्या माहेरच्यांनी कधी विचारलं नाही की तू मुंबईचा का होत नाहीस. विचारायलाही नको होतं. फक्त मग मलाही विचारू नये.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. "तुला क्रिकेट आवडतच नाही. तू फक्त भारताचे मोठे सामने बघतेस." यातलं दुसरं वाक्य खरं आहे, पहिलं खोटं आहे. मला डावखुऱ्या फिरकीपटूचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळताना बघायला आवडतो. स्लिपमधला झेल आवडतो. संध्याकाळची किरणं खेळपट्टीवर तिरकी पडली की खेळाडूंच्या सावल्या लांब होतात, तेही आवडतं. कुणाच्या नावावर किती बळी, उपांत्यपूर्व फेरीत कोण कुणाशी खेळणार, हे मला ठाऊक नसतं. दिवाळी पहाटेला गाणं ऐकायला जाणाऱ्या प्रत्येकाला राग ओळखता येतो का? तरी त्याला गाणं आवडतं हे आपण मान्य करतो. खेळाच्या बाबतीतच आवड सिद्ध करायला आकडे का मागतो?

एक गोष्ट मात्र मी कबूल करते, आणि मनापासून करते. नवऱ्याच्या आनंदाला जी किंमत पडली आहे ती मी मोजलेली नाही. म्हणून मी त्याच्यासारखी रडू शकत नाही, आणि रडण्याचं सोंग तर मुळीच आणणार नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी ते सोंग आणून पाहिलं होतं. जर्सी घातली, नावं पाठ केली, विकेट पडल्यावर ओरडले. तो म्हणाला, "राहू दे ना, तू माझ्यासाठी करून राहिली." त्याला ते लगेच कळलं होतं. ज्याने साठ वर्षांचं दुःख वारशाने घेतलंय, त्याच्यासमोर उसनं दुःख मांडणं हा त्याच्या निष्ठेचा अपमान आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

याच कारणाने मला माझ्या मैत्रिणींशीही भांडावं लागतं. त्यांची बाजू बरोबर उलटी. "चार-चार दिवस सामना, बाद फेरीत पाच दिवस, आणि हा रजा टाकून बसतो? तू कसं चालवून घेतेस? खेळच आहे शेवटी." हे "खेळच आहे" मला अजिबात पटत नाही. जाता-येता बघणाऱ्याला ते म्हणायचा अधिकार नाही. माझ्यासाठी तो खेळ आहे, माझ्या नवऱ्यासाठी ती वडिलांच्या सायकलची दांडी आहे. पराभवाच्या संध्याकाळी तो जेवत नाही तेव्हा मी "जाऊ दे" म्हणत नाही. ताट झाकून ठेवते आणि दहाच्या पुढे त्याच्यासोबत जेवते.

मार्च २०२४ मध्ये अंतिम सामना मुंबई आणि विदर्भाचा झाला, तोही वानखेडेवर. माहेरचे फोन, सासरचे फोन, आणि दोन्हीकडून एकच सवाल: तू कुणाची? विदर्भासमोर ५३८ धावांचं लक्ष्य होतं. पाचव्या सकाळी अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे उपाहारापर्यंत बाद झाले नाहीत. त्या दोन तासांत मी जे पाहिलं ते नवऱ्याला दिसत नव्हतं, कारण तो प्रत्येक चेंडूला डोळे मिटत होता. मी वाडकरची खेळी बघितली. अजिंक्य रहाणे क्षेत्ररक्षण पुन्हापुन्हा बदलत होता तेही बघितलं. मग वाडकर गेला आणि शेवटचे पाच बळी पंधरा धावांत पडले. शेवटचा घेतला धवल कुलकर्णीने, त्याच्या शेवटच्या सामन्यात. मुंबईचा बेचाळिसावा करंडक. माझ्या भावाने फोनवर आरोळी ठोकली, आणि मी फोन ठेवून दिला. कुणाची होते मी? त्या घटकेला मी वाडकरची होते, आणि कुलकर्णीचीही. दोघांचं चांगलं दिसणं ही मला पक्षांतरासारखी पळवाट वाटत नाही. ज्याला कुठल्याच बाजूने जीव टाकायचा नसतो, त्याचे दोन्ही डोळे उघडे राहतात. घरात असा एक माणूस असावा, असं माझं ठाम मत आहे.

ते मत सर्वांत जास्त कसाला लागलं २०२५च्या फेब्रुवारीत. अंतिम सामना जामठ्याच्या मैदानावर, समोर पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेलं केरळ. आणि केरळकडून खेळत होता आदित्य सरवटे. हा तोच, ज्याने २०१९च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रचे अकरा बळी घेतले, पुजाराला दोन्ही डावांत टिकू दिलं नाही. आमच्या घरातलं लाडकं नाव. या हंगामात तो केरळला गेला होता आणि उपांत्य सामन्यात गुजरातचा शेवटचा बळी घेऊन त्यानेच केरळला दोन धावांच्या आघाडीवर पुढे आणलं होतं. आता नागपुरात, विदर्भाविरुद्ध, तो बॅट घेऊन उभा राहिला. त्याचं अर्धशतक झालं आणि मी टाळी वाजवली. नवरा उठून गॅलरीत गेला.

रात्री मी विचारलं, "जाफर आला तर आपला. करुण नायर कर्नाटकातून आला, तोही आपला. मग सरवटे गेला तर एवढं काय?"

"ते आले," तो म्हणाला. "हा गेला."

एवढ्या दोन वाक्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी शोधलंही नाही. मी पण कुठून तरी गेलेली आहे, एवढंच मनात आलं. दुसऱ्या दिवशी सरवटे ७९ वर हर्ष दुबेच्या चेंडूवर बाद झाला. विदर्भाला मिळालेला बळी होता, मोक्याचा होता. नवऱ्याने टाळी वाजवली नाही. तो स्क्रीनकडे बघत राहिला, सरवटे सीमारेषेपर्यंत पोचेपर्यंत.

२ मार्चचा रविवार. विदर्भाकडे पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी होती. सामना अनिर्णित सुटला तरी करंडक त्यांचा, हा नियम मला तिसऱ्यांदा समजावून सांगून झाला होता. तसंच झालं. तिसरा करंडक. या वेळी तो रडला नाही, नुसता हसत बसला, आणि मी त्याच्याकडे बघत बसले. त्याच दुपारी दुबईत भारत आणि न्यूझीलंड यांचा सामना होता. माझा, जाता-येता बघायचा.

नागपूरहून फोन आला. मी घेतला. "अभिनंदन, बाबा."

"हो हो," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. मागे फटाके वाजत होते. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुझी मॅच लागली असंल ना आता? लाव, लाव. त्याले म्हणा रिमोट दे."