गुरुजींची नक्कल आणि कवीचा हक्क

परवा एका मराठी शाळेचे गुरुजी आमच्या कचेरीत आले, ते चोरी करताना सापडलेल्या माणसासारखा चेहरा घेऊन! त्यांचा अपराध एवढाच की एका कवितासंग्रहातील एका कवितेचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते त्यांनी आपल्या सातवीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठविले. संस्थेच्या एका कारभाऱ्याने त्यांस दटावले, "प्रकाशकाची नोटीस आली तर तुमचे तुम्ही निस्तरा." गुरुजींनी छायाचित्र पुसून टाकले आणि दुसऱ्या दिवशी तीच कविता फळ्यावर लिहून दिली. मुलांनी ती वहीत उतरवून घेतली. त्यावर मात कोणाची हरकत नव्हती! खडूने केलेली नक्कल पुण्यकर्म आणि यंत्राने केलेली महापाप, हा न्याय कोणत्या शास्त्रातला, असे आम्ही त्या कारभाऱ्यांस विचारू इच्छितो.

कायद्याच्या शास्त्रातला तर तो खास नव्हे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५२ वे कलम उघडून पाहावे. शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली नक्कल हक्कभंग ठरत नाही, असे ते स्वच्छ शब्दांत सांगते. प्रश्नपत्रिकेतील उताऱ्यालाही तेथे तीच मोकळीक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ही सवलत सर्व प्रकारच्या कृतींना लागू झाली. स्नेहसंमेलनातील नाटकासही कायदा आडवा येत नाही. मात्र ते शाळेच्या मंडळींनीच करावे आणि प्रेक्षकांत शिक्षक, विद्यार्थी, पालक व शाळेच्या कामाशी संबंधित मंडळी यांखेरीज कोणी नसावे.

या कलमाची खरी कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या लहानशा दुकानात प्राध्यापकांनी नेमलेली प्रकरणे निरनिराळ्या पुस्तकांतून काढून, एकत्र बांधून विद्यार्थ्यांस मिळत. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन धनाढ्य प्रकाशकांनी त्या दुकानावर व विद्यापीठावर दावा गुदरला. हत्तीने मुंगीवर चाल करावी तसा हा प्रकार! १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ग्रंथावरील स्वामित्व हा ईश्वरदत्त हक्क नव्हे, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. त्याच वर्षी ९ डिसेंबरला खंडपीठाने सांगितले की किती पाने घेतली याची मोजपट्टी कायद्याने लावलेली नाही. अध्यापनासाठी तेवढ्याची गरज होती काय, एवढेच पाहावयाचे. त्या मुद्द्याच्या तपासणीसाठी प्रकरण परत पाठविले गेले, परंतु २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

त्या खटल्यात प्रश्न कागदी प्रतींचा होता, मोबाइलवरील छायाचित्राचा नव्हे, हे आम्ही लपवीत नाही. पण अध्यापन म्हणजे केवळ चार भिंतींतील व्याख्यान, हा संकुचित अर्थ न्यायालयाने मानला नाही. २०२० साली शाळांना टाळे लागले तेव्हा ठिकठिकाणी मोबाइलचा गट हाच वर्ग झाला होता. त्या वर्गात पाठविलेल्या एका कवितेस चोरी म्हणणे आम्हांस पटत नाही.

पण या आधारावर कोणी सबंध पुस्तकच यंत्राने उतरवून टेलिग्रामवर हजारो अनोळखी माणसांत वाटू लागला, तर तो गुरुजी नव्हे. त्याचा बचाव आम्ही करणार नाही. ऑक्सफर्डच्या खजिन्यास त्याने फारसा धक्का बसत नसेल. हजार प्रतींची आवृत्ती खपविताना ज्याच्या तोंडास फेस येतो, त्या मराठी प्रकाशकाचे मात्र कंबरडे मोडते. मराठी शाळा जगावी म्हणून ओरडावयाचे आणि मराठी लेखकाच्या मानधनावर हात मारावयाचा, हे दुटप्पी वर्तन आपल्या लोकांस शोभत नाही.

शिवाय चोरीची गरजही कितीशी आहे? लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षे सरली की हक्क संपतो. केशवसुत १९०५ साली गेले, बालकवी १९१८ साली, गडकरी १९१९ साली. साने गुरुजींचे लेखन २०११ च्या आरंभापासून सर्वांचे झाले आहे. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी २०२९ ची अखेर गाठावी लागेल. कुसुमाग्रजांसाठी तर २०५९ ची! मोकळ्या झालेल्या या भांडारातून शाळाशाळांनी वाचनमाला का रचू नयेत?

आमची एक तक्रार मात्र महाराष्ट्राकडे आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावरून फुकट उतरवून घेता येतात, ही मोठी सोय. पण त्याच पुस्तकांत संचालकांच्या लेखी परवानगीवाचून कोणताही भाग उद्धृत करण्यास मनाई छापलेली असते. एनसीईआरटीच्या राष्ट्रीय भांडाराने २०१३ सालीच आपले साहित्य श्रेय देऊन वापरण्यास व त्यात फेरफार करण्यास मोकळे केले. महाराष्ट्राबाहेरच्या ज्या शाळेत ग्रंथालय म्हणजे एक कुलूपबंद कपाट, तिच्या शिक्षकाने परवानगीचे पत्र कोणत्या दारी न्यावयाचे? स्वतः तयार केलेल्या पाठांपुरता तरी असा खुला परवाना बालभारतीने द्यावा, अशी आमची मागणी आहे.

गुरुजींस आम्ही सांगितले, कविता पुन्हा गटावर पाठवा. खाली कवीचे व संग्रहाचे नाव लिहा. संग्रह मात्र सबंध पाठवू नका. त्याची एक प्रत त्यांच्या शाळेच्या कपाटासाठी आम्ही मागविली आहे.